जहाजावरून समुद्रपक्ष्यांचे निरीक्षण आणि गणना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही कृष्णाकाठचे काही पक्षीनिरीक्षक गेली काही वर्षे सवड काढून समुद्रावर जातो आणि जहाजावरून किंवा मासेमारीच्या नौकेवरून पक्षी मोजतो. सांगली, तासगाव, कराड, वाई येथे या कामाविषयी बोलताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

आपण घाटावरची माणसे. समुद्रपक्ष्यांशी आपला काय संबंध?

महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा अरबी समुद्रापासून जेमतेम ६४ किलोमीटरवर जन्मते आणि तरीही त्याच्याकडे पाठ करून सुमारे १,४०० किलोमीटरचा प्रवास करत बंगालच्या उपसागराला मिळते. आपलेही बहुधा तसेच झाले आहे. आंबा घाट उतरला की रत्नागिरी आणि कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण इतका किनारा जवळ असूनही आपले पक्षीनिरीक्षण मायणीच्या तलावापाशी किंवा हरिपूरच्या संगमापाशी येऊन थांबते. खरे तर हिवाळ्यात नदीवर बदके आणि पाणकावळे मोजणाऱ्या माणसाजवळ या कामाला लागणारे निम्मे कौशल्य आधीच असते. शिवाय समुद्रपक्षी जमिनीवर येतात ते मुख्यतः विणीपुरते, आणि तेही बहुधा माणसापासून दूरच्या बेटांवर. त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग उघड्या समुद्रावर जातो, त्यामुळे ते तेथे कोठे आणि किती आहेत हे कळायचे असेल, तर कोणीतरी जहाजावर उभे राहून मोजणे भाग आहे.

किनाऱ्यावर दिसणारे कुरव (सीगल) म्हणजेच समुद्रपक्षी ना?

कुरव आणि सुरय (टर्न) हेही समुद्रपक्षीच, पण ते या मंडळींचा एक भाग आहेत आणि त्यांतले कित्येक किनारा सोडून फार आत जात नाहीत. आपल्याकडची नदी सुरय तर कृष्णेच्या वाळूवरच रमते. खोल पाण्यावर गेल्यावर जे भेटतात ते वेगळे : वादळी पाखरे, शिअरवॉटर, बूबी, फ्रिगेट, स्कुआ, नॉडी, तसेच तपकिरी पाठीची ब्रायडल्ड सुरय आणि काळ्या पाठीची सूटी सुरय. हिवाळ्यात यांच्यात लाल मानेचा फॅलारोपही असतो. हा उत्तर ध्रुवाकडच्या प्रदेशात वीण करणारा चिमुकला किनारपक्षी असून हिवाळा मात्र तो अरबी समुद्राच्या पाण्यावर तरंगत काढतो.

विल्सनच्या वादळी पाखराविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण आमच्यापैकी अनेकांना समुद्राची ओढ लागली ती त्याच्यामुळे. ते पाकोळीएवढे दिसते, वजन ३०-४० ग्रॅम, रंग काळपट आणि शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा. त्याची वीण अंटार्क्टिकाच्या आसपास होते आणि तिकडे हिवाळा असतो तेव्हा ते आपल्या समुद्रात येते. पंख उचलून, लांब पाय पाण्यावर टेकवत ते लाटेच्या उतारावर जणू चालत जाते. पहिल्यांदा ते दृश्य दिसले तेव्हा मी नोंद करायची विसरलो होतो.

कोणत्या जहाजावरून जाता येते?

सर्वात चांगली सोय लक्षद्वीपच्या जहाजांची आहे. मिरजेवरून एर्नाकुलमला रेल्वे जाते आणि कोचीहून सुटणारे प्रवासी जहाज रात्रभराच्या प्रवासानंतर बेटांवर पोचते. डेक उंच, वेग बराचसा एकसारखा आणि पाणी खोल, त्यामुळे मोजणीला ते फार सोयीचे पडते. लक्षद्वीपला जाण्यासाठी प्रवेश परवाना लागतो आणि तो मिळायला वेळ लागतो, हे धरूनच बेत आखावा. कवरत्तीजवळच्या पिट्टी या निर्मनुष्य वाळूच्या बेटावर नॉडी आणि सूटी सुरय वीण करतात, त्यामुळे त्या भागातून जाताना डेक सोडू नये.

कोकणात मिरकरवाडा, मालवण, वेंगुर्ला येथून नौका ठरवून जाता येते. मात्र मासेमारीच्या नौकेवर पाहुणे नेण्याचे नियम असतात, म्हणून बंदर कार्यालयात आधी विचारावे, जीवरक्षक जाकीट प्रत्येकाच्या अंगावर असावे आणि परत फिरण्याचा निर्णय पूर्णपणे तांडेलावर (नौकेच्या प्रमुखावर) सोपवावा. मुंबई-मांडवा बोटीवर कुरव पुष्कळ दिसतात, पण तो उथळ पाण्यातला प्रवास आहे. तो सरावापुरता ठीक आहे.

कोणते महिने चांगले?

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते आणि समुद्रही जाण्याजोगा नसतो. त्यामुळे मे महिन्याचा पूर्वार्ध आणि ऑगस्टअखेरपासून ऑक्टोबरपर्यंतचा काळ आम्हाला सर्वात मोलाचा वाटतो, कारण दक्षिणेकडून आलेली वादळी पाखरे आणि शिअरवॉटर त्या सुमारास दिसण्याची शक्यता असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत समुद्र शांत असतो आणि फॅलारोप, स्कुआ व कुरव भेटतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने हिवाळाच निवडावा.

नेमके मोजतात कसे? जे दिसेल ते सगळे लिहायचे का?

दिसेल ते सगळे लिहिल्याने यादी तयार होते, गणना होत नाही. हा फरक समजला की पुढचे सगळे सोपे होते. गणनेत प्रश्न असा असतो, की एवढ्या पाण्यावर किती पक्षी होते. म्हणजे पक्ष्यांच्या आकड्याइतकाच पाण्याचा आकडाही माहीत असला पाहिजे. त्यासाठी जहाजाच्या एका बाजूला ३०० मीटर रुंदीचा एक काल्पनिक पट्टा धरतात. निरीक्षक नाळेच्या (जहाजाच्या पुढच्या टोकाच्या) जवळ किंवा ब्रिजच्या (जहाज चालवण्याच्या खोलीच्या) बाजूच्या सज्जात उभा राहतो. समोर नाळेच्या दिशेपासून काटकोनात बाजूपर्यंत, म्हणजे वर्तुळाच्या चौथ्या हिश्श्यावर, तो नजर ठेवतो. सूर्याची चमक ज्या बाजूला कमी, ती बाजू निवडायची आणि मोजणी चालू असताना ती बदलायची नाही.

वेळेचे तुकडे पाडतात. आम्ही १० मिनिटांचा तुकडा धरतो. प्रत्येक तुकड्याच्या सुरुवातीला घड्याळातली वेळ, मोबाइलच्या जीपीएसवरचे अक्षांश-रेखांश (त्यासाठी नेटवर्क लागत नाही), जहाजाचा वेग, दिशा आणि समुद्राची स्थिती लिहायची. जहाज १० नॉटने, म्हणजे ताशी १८.५२ किलोमीटरने चालले असेल, तर १० मिनिटांत ते ३.०९ किलोमीटर जाते. त्याला ०.३ किलोमीटरने गुणले की ०.९३ चौरस किलोमीटर पाणी पाहून झाले. त्यात सहा पक्षी मोजले गेले असतील, तर दर चौरस किलोमीटरला साडेसहाच्या आसपास पक्षी, असे म्हणता येते. पट्ट्याबाहेर दिसलेला पक्षीही जरूर लिहावा, फक्त ‘पट्ट्याबाहेर’ अशी खूण करून.

माझ्या पहिल्या सफरीच्या वहीत सुरेख वर्णने आहेत, दोन रेखाचित्रेही आहेत, पण वेळ आणि ठिकाण कोठेच नाही. त्या पक्ष्यांचा आज कोणालाही उपयोग होत नाही, याचे मला अजून वाईट वाटते.

समुद्रावर ३०० मीटर अंतर डोळ्यांनी कसे ओळखायचे?

अंदाजाने ओळखू नये, तो हमखास चुकतो. साधी पट्टी वापरावी. हात पूर्ण लांब करून पट्टी उभी धरली की ती डोळ्यापासून साधारण ६० सेंटीमीटरवर येते, पण प्रत्येकाने आपले अंतर दुसऱ्याकडून मोजून घ्यावे. पट्टीचे वरचे टोक क्षितिजाच्या रेषेला लावायचे. डोळा पाण्यापासून १० मीटर उंचीवर असेल, तर ३०० मीटरची रेषा वरच्या टोकापासून १.९ सेंटीमीटर खाली येते. २०० मीटरची २.९, १०० मीटरची ५.९ आणि ५० मीटरची ११.९ सेंटीमीटर खाली येते. आमच्या लाकडी पट्ट्यांवर या चार ठिकाणी लाल दोरा गुंडाळून त्यावर नेलपॉलिश लावलेले आहे, कारण शाईची खूण खाऱ्या हवेत दोन दिवसांत पुसली जाते आणि दोरा ओल्या बोटालाही कळतो. पट्टीला मागे एक नाडी असते, ती गळ्यात अडकवायची.

डोळ्याची उंची बदलली की खुणा बदलतात, हे मात्र विसरू नये. मासेमारीच्या नौकेवर डोळा पाण्यापासून चारेक मीटरवर असतो. तेथे ३०० मीटरची खूण क्षितिजाखाली केवळ ७ मिलिमीटरवर येते आणि नौका डोलत असताना ती पकडणे अशक्य होते. म्हणून लहान नौकेवर आम्ही १०० मीटरचाच पट्टा धरतो, ज्याची खूण २.३ सेंटीमीटरवर येते. अरुंद पट्टा नीट पाहिला तर त्यातून निघणारा आकडा विश्वासार्ह असतो.

पट्ट्याचे पुन्हा चार भाग कशासाठी करायचे?

लांबचे पक्षी नजरेतून सुटतात म्हणून. पाण्यावर बसलेला प्रत्येक पक्षी ०-५०, ५०-१००, १००-२०० की २००-३०० मीटरच्या भागात होता, ते लिहिले जाते. समजा, दिवसभरात पहिल्या ५० मीटरांत बारा फॅलारोप दिसले आणि शेवटच्या १०० मीटरांत चारच. शेवटचा भाग दुप्पट रुंद, त्यामुळे तेथे चोवीसच्या आसपास असायला हवे होते. पक्ष्यांना आपल्या रेषा ठाऊक नसतात, तेव्हा ते तेथे नव्हते असे नसून आपल्याला दिसले नाहीत, असा त्याचा अर्थ होतो. ही तूट किती याचा हिशेब पुढे करता येतो, पण अंतर लिहिलेले असेल तरच.

उडणारे पक्षी वेगळे का मोजतात?

नवागतांना सर्वात अवघड जाणारी गोष्ट हीच, म्हणून जरा सविस्तर सांगतो. गणपती पेठेत एका दुकानाच्या पायरीवर बसून १० मिनिटे येणारी-जाणारी माणसे मोजली, तर आकडा शेकड्यांत जाईल. पण कोणत्याही एका क्षणी त्या दुकानासमोर दहा-पंधराच माणसे असतात. त्या शेकड्यांना दुकानासमोरची गर्दी म्हटले, तर ते खोटे ठरेल. उडणाऱ्या पक्ष्यांचे तसेच आहे. ते जहाजापेक्षा वेगाने जातात, पट्ट्यातून सतत आत-बाहेर करतात, आणि येईल तो मोजत गेलो तर समुद्रावर पक्ष्यांची दाटी असल्याचा चुकीचा निष्कर्ष निघतो.

म्हणून उडणाऱ्या पक्ष्यांसाठी ठरावीक क्षणी एक ‘क्षणचित्र’ घेतात. जहाज १० नॉटने चालले असेल तर ३०० मीटर जायला त्याला ५८ सेकंद, म्हणजे जवळपास एक मिनिट लागते. तेव्हा दर मिनिटाला, घड्याळाचा इशारा झाला की त्या क्षणी समोरच्या ३०० बाय ३०० मीटरच्या चौकोनावर हवेत असलेले पक्षी तेवढे मोजायचे. वेग ५ नॉट असेल तर दर दोन मिनिटांनी. इशाऱ्याच्या आधी दोन सेकंद एखादी देखणी सूटी सुरय चौकोनातून निघून गेली, तर ती गणनेत धरायची नाही, फक्त यादीत लिहायची. मन मानत नाही, पण हा नियम मोडला की सगळा तक्ता निरुपयोगी होतो. पाण्यावर बसलेले पक्षी मात्र संपूर्ण १० मिनिटे मोजले जातात, कारण त्यांच्याजवळून जहाज जाते, ते जहाजाजवळ येत नाहीत.

जहाजामागे येणाऱ्या कुरवांचे काय करायचे?

ट्रॉलरवरून फेकलेल्या बारीक मासळीसाठी कुरवांचा थवा तासन्तास मागे राहतो. हे पक्षी त्या पाण्यावरचे नसून जहाजासोबत आलेले असतात, म्हणून ते ‘जहाजासोबत’ असे लिहून घनतेच्या हिशेबातून वगळायचे. बूबीही जहाजासोबत उडतात, कारण जहाजाला घाबरून उसळणारे उडते मासे त्यांना आयते मिळतात. समोरून येऊन जहाजाभोवती घिरट्या घालू लागलेला पक्षी पहिल्यांदा दिसला तेव्हा कोठे होता, तेवढेच महत्त्वाचे.

मोठा थवा एका नजरेत कसा मोजायचा?

घरी सराव करावा. परातीत शाळूचे मूठभर दाणे पसरून दोन सेकंद पाहायचे, झाकायचे, अंदाज लिहायचा आणि मग दाणे खरोखर मोजायचे. सुरुवातीला जवळजवळ सगळ्यांचा अंदाज कमी येतो. आठवडाभर रोज केले की दहा दाण्यांचा पुंजका डोळ्यात बसतो आणि मग थव्यात असे किती पुंजके मावतात एवढेच पाहायचे असते. नंतर हा सराव संध्याकाळी आयर्विन पुलावर उभे राहून, रातथाऱ्याकडे परतणाऱ्या बगळ्यांवर करावा. तेथे पक्षी हलत असतात आणि वेळ मिळत नाही, अगदी समुद्रासारखेच.

जात ओळखता आली नाही तर?

तर ‘सुरय, जात निश्चित नाही’ असे लिहावे आणि त्यात कमीपणा मानू नये. ३०० मीटरवर, उलट्या प्रकाशात, डोलत्या डेकवरून ब्रायडल्ड आणि सूटी सुरय वेगळ्या ओळखणे अनुभवी माणसालाही नेहमी जमत नाही. जवळून पाहता आले तर ब्रायडल्डची पाठ राखाडी-तपकिरी आणि कपाळावरची पांढरी पट्टी डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेली, तर सूटीची पाठ काळी आणि पांढरा रंग डोळ्यापाशीच थांबलेला दिसतो. शिअरवॉटरच्या बाबतीत रंगापेक्षा उडण्याची ढब आधी पाहावी, म्हणजे पंख किती वेळा मारले, किती वेळ तरंगला, लाटेवर किती उंच चढला. एकाने छायाचित्रे घ्यावीत, पण मोजणाऱ्याने कॅमेरा हातात घेऊ नये.

दुर्मीळ नावाच्या मोहापायी अंदाजाचे नाव लिहिले गेले की ते पुढे कोणाच्या तरी नकाशावर खरे म्हणून उमटते. निश्चित नसलेल्या नावाची प्रामाणिक नोंद मला अशा दहा नावांपेक्षा मोलाची वाटते.

तासभर एकही पक्षी दिसला नाही, तर ते पान टाकून द्यायचे का?

मुळीच नाही. प्रत्येक तुकड्यापुढे शून्य लिहायचे. समुद्रपक्षी सगळीकडे सारखे विखुरलेले नसतात. जेथे खालचे थंड, अन्नद्रव्यांनी भरलेले पाणी वर येते, जेथे प्रवाहांच्या सीमेवर तरंगता कचरा आणि मासळी गोळा होते, तेथे ते एकवटतात आणि मधला विस्तीर्ण भाग रिकामा असतो. रिकामा भाग लिहिलाच नाही, तर भरलेला भाग कशाच्या तुलनेत भरलेला होता हे कधीच कळणार नाही. मायणीला एखाद्या हिवाळ्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) आले नाहीत हे आपण आवर्जून नोंदवतो. तसेच हेही.

समुद्र किती खवळला की मोजणी थांबवायची?

वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या ब्यूफोर्ट मापनाप्रमाणे ३ वर तुरळक पांढरा फेस दिसू लागतो, ४ वर तो बऱ्याच ठिकाणी दिसतो. ५ वर, म्हणजे वारा १७ नॉटच्या पुढे गेला की आम्ही थांबतो, कारण फेसाच्या गर्दीत पाण्यावर बसलेला लहान पक्षी दिसेनासा होतो. दाट पाऊस आणि धुरकटपणा असेल तरीही थांबावे.

सोबत काय न्यावे? बोट लागली तर?

८ पट दुर्बीण पुरते. १० पट दुर्बिणीत डोलण्याने चित्र हलते, आणि टेलिस्कोपचा जहाजावर उपयोग नाही. शोध उघड्या डोळ्यांनी घ्यायचा आणि ओळखीपुरती दुर्बीण लावायची. पेन नको, शिसपेन्सिल न्यावी. भिंगावर मीठ बसले तर आधी गोड्या पाण्याने ओले करून मगच पुसावे, नाहीतर ओरखडे पडतात. दोघांनी मिळून काम करावे, एकाने पाहावे आणि दुसऱ्याने लिहावे, आणि दोन तासांनी विश्रांती घ्यावी.

ज्यांना घाटात गाडी लागते त्यांना बोटही लागू शकते. डॉक्टरांना विचारून गोळी निघण्यापूर्वीच घ्यावी, पोट रिकामे ठेवू नये आणि नजर क्षितिजावर ठेवावी. मोजणारा बहुधा क्षितिजाकडेच पाहत असतो, त्रास अधिक होतो तो वहीत डोके घालणाऱ्याला. म्हणून पाळ्या बदलाव्यात.

वेंगुर्ला रॉक्सवर उतरून घरटी पाहता येतील का?

उतरू नये. सिंधुदुर्गातील या खडकांवर ब्रायडल्ड सुरयांची वीण होते आणि तेथल्या गुहांत पाकोळ्यांच्या एका जातीची घरटी आहेत. माणूस उतरला की पक्षी एकदम उठतात आणि अंडी उन्हात उघडी पडतात. नौका दूर ठेवून खडकाभोवती एक फेरी मारावी आणि उडणारे पक्षी मोजावेत.

नोंदी कोठे द्यायच्या?

ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर समुद्री सफरीसाठी स्वतंत्र नोंदप्रकार आहे. त्यात एका यादीचा कालावधी एक तासापेक्षा अधिक नसावा असे अपेक्षित असते, कारण तासाभरात जहाज कितीतरी पुढे गेलेले असते. आमचे १० मिनिटांचे सहा तुकडे जोडून एक यादी होते. मूळ तुकड्यांचा तक्ता मात्र जपून ठेवावा, कारण पट्टा, अंतरे आणि क्षणचित्रे त्या यादीत मावत नाहीत. वहीच्या पानांची छायाचित्रे त्याच दिवशी काढावीत.

वादळानंतर अनोळखी पक्षी सापडला तर काय करावे?

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याला समांतर वर सरकले. अशा वाऱ्यात समुद्रपक्षी थकून किनाऱ्यावर पडतात आणि कधी घाट ओलांडून आतही येतात. पाटणच्या किंवा शिराळ्याच्या शेतात असा पक्षी दिसला तर तो उचलून विहिरीत वा नदीत सोडू नये, कारण त्याला पाण्याची नव्हे, विश्रांतीची गरज असते. पंख भिजलेले असतील तर पाण्यात तो बुडूही शकतो. जाड टॉवेलने हळूच धरावे. बूबीची चोच धारदार असते, त्यामुळे आपला चेहरा दूर ठेवावा. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात आणि शांत जागी ठेवून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. दूध, भात, पाव काहीही चारू नये आणि चोचीत पाणी ओतू नये. मेलेला पक्षी असेल तर मोजपट्टी शेजारी ठेवून पाठीचे, पोटाचे, चोचीचे आणि पायांचे छायाचित्र घ्यावे. त्याबरोबर तारीख, गाव आणि तो नेमका कोठे पडला होता हे लिहून ठेवावे, उसाच्या सरीत की ओढ्याच्या काठी, इतके बारीक.